मर्केटर प्रक्षेपण
मर्केटर प्रक्षेपण ही पृथ्वीचा गोल पृष्ठभाग सपाट नकाशावर दाखवण्याची एक पद्धत आहे. फ्लेमिश नकाशाकार गेरार्डस मर्केटर याने इ.स. १५६९ मध्ये ती खलाशांच्या सोयीसाठी मांडली. होकायंत्राची एकच दिशा धरून केलेला प्रवास या नकाशावर सरळ रेषेने दाखवता येतो; त्यामुळे नौकानयनात ती रूढ झाली.

पृथ्वीवर रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात; या नकाशावर मात्र ती समांतर असतात. त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतर ताणले जाते. आकार बिघडू नयेत म्हणून उत्तर-दक्षिण अंतरही त्याच प्रमाणात वाढवतात. परिणामी विषुववृत्ताच्या तुलनेत ६०° अक्षवृत्ताजवळ लांबी दुप्पट व क्षेत्रफळ चौपट दिसते.

या नकाशावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढे भासते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. भारतही (सुमारे ३२.८७ लाख चौ.किमी.) ग्रीनलँडपेक्षा (सुमारे २१.६६ लाख चौ.किमी.) मोठा आहे, हे या नकाशावरून ध्यानात येत नाही. क्षेत्रफळांच्या तुलनेसाठी गॉल-पीटर्ससारखी समक्षेत्र प्रक्षेपणे वापरतात. मात्र त्यांत भूखंडांचे आकार बिघडतात. आकार व क्षेत्रफळ दोन्ही अचूक राखणे केवळ पृथ्वीगोलावरच शक्य असते.