सोलपटणाऱ्या हिरड्यांची कुळकथा

हिरड्या लालभडक होणे, दात घासताना किंवा कडक घास चावताना त्यांची वरची साल सुटून येणे आणि खालचा दुखरा भाग उघडा पडणे, या अवस्थेला दंतवैद्यकात ‘डेस्क्वामेटिव्ह जिंजिव्हायटिस’, म्हणजे साल निघणारा हिरडीदाह, असे म्हणतात. दातांवर साचलेल्या कीटणाने होणारा नेहमीचा दाह बहुधा हिरडीच्या कडेपासून सुरू होतो, तर हा दाह अनेकदा हिरडीच्या संपूर्ण रुंदीवर पसरतो आणि केवळ कीटण काढल्याने पुरता बरा होत नाही.

टोम्स यांच्या दंतशल्यविषयक ग्रंथात १८९४ मध्ये या विकाराचे वर्णन आले आणि १९३२ मध्ये अमेरिकेतील हर्मन प्रिंझ यांनी त्याला हे नाव दिले. नाव मिळताच तो स्वतंत्र रोग मानला जाऊ लागला. शिवाय रुग्णांमध्ये मध्यमवयीन स्त्रियांचे प्रमाण मोठे असल्याने रजोनिवृत्तीनंतर घटणारी संप्रेरके हेच त्याचे कारण असावे, असा तर्क रूढ होऊन त्यानुसार संप्रेरकांचे उपचारही केले गेले.

या समजुतीला धक्का दिला तो मॅकार्थी आणि श्क्लार यांच्या १९६० मधील फेरविचाराने. हा एक रोग नसून निरनिराळ्या विकारांचे हिरडीवर उमटणारे समान लक्षण आहे, असे त्यांनी मांडले. पुढे यांपैकी बहुतेक रुग्णांच्या मुळाशी तीन विकार आढळले: लायकेन प्लॅनस, श्लेष्मल त्वचेचा पेम्फिगॉइड आणि पेम्फिगस व्हल्गॅरिस. त्वचारोगतज्ज्ञांना हे तिन्ही आधीपासून परिचित होते. पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड यांतील सूक्ष्मदर्शकीय भेद वॉल्टर लेव्हर यांनी १९५३ मध्येच स्पष्ट केला होता.

त्या भेदाचे कारण मात्र प्रतिपिंडांच्या, म्हणजे रोगप्रतिकारासाठी शरीर तयार करत असलेल्या प्रथिनांच्या, अभ्यासातून उलगडले. अर्न्स्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी १९६४ मध्ये चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच त्वचेवर हल्ला करणारी प्रतिपिंडे दाखवून दिली. पेम्फिगसमध्ये पेशींना एकमेकींशी जोडणारी डेस्मोग्लीनसारखी प्रथिने या हल्ल्याचे लक्ष्य ठरतात, म्हणून विटांमधला चुना निसटावा तशा पेशी सुट्या होतात. पेम्फिगॉइडमध्ये मात्र हा हल्ला पेशींचा थर खालच्या ऊतीला जिथे चिकटतो त्या पातळ पटलावर होत असल्याने तो थर अखंड उचलला जाऊन फोड येतो.

या शोधांमुळे तपासणीची रीतही बदलली. उघड्या जखमेत वरचा थरच उरलेला नसल्याने ऊतीचा तुकडा तिच्या लगतच्या अखंड भागातून घेतला जातो आणि प्रतिपिंडे पाहण्यासाठी त्याचा एक भाग फॉर्मॅलिनऐवजी वेगळ्या द्रावणात पाठवला जातो. निदानातील ही काटेकोरता रुग्णाच्या दृष्टीने निर्णायक ठरते, कारण पेम्फिगस व्हल्गॅरिस अनेकदा त्वचेवर फोड येण्यापूर्वी तोंडातच सुरू होतो व उपचाराविना जिवावर बेतू शकतो, तर पेम्फिगॉइडने डोळ्यांत व्रण पडून दृष्टी जाऊ शकते. म्हणूनच आज अशा हिरड्यांचा रुग्ण दंतवैद्याकडून त्वचारोगतज्ज्ञाकडे आणि गरजेनुसार नेत्रतज्ज्ञाकडेही पाठवला जातो.