कातळावरील तंबू-उभारणी

खडकाळ किंवा टणक जमिनीवर तंबू, राहुटी अथवा कॅरॅव्हॅनचे कापडी छत वाऱ्यात टिकेल अशा रीतीने उभे करण्याच्या पद्धतीस कातळावरील तंबू-उभारणी म्हणता येईल.

पार्श्वभूमी

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ही पर्यटनस्थळे आहेत. या पट्ट्यात बेसॉल्ट व जांभा हे खडक आढळतात. जेथे त्यांवरील मातीचा थर पातळ असतो, तेथे मेख खोल जात नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले.

पद्धत

टणक मातीत लाकडी खुंटीऐवजी लोखंडी मेख वापरतात. आधी पहारीने भोक पाडून मेख तंबूच्या विरुद्ध दिशेस कलती ठोकतात. त्यामुळे तणाव्याच्या ओढीने ती उपटली जात नाही. निव्वळ कातळावर तणावे मोठ्या धोंड्यांना, वाळूच्या पोत्यांना किंवा पाण्याने भरलेल्या कॅनना बांधतात. २० लिटर पाण्याचे वजन २० किलोग्रॅम भरते. छताची एक कड उतरती ठेवल्यास पावसाचे पाणी साचत नाही.

सुरक्षितता

वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यास कापडावरील दाब चौपट होतो. म्हणून वारा वाढू लागताच कॅरॅव्हॅनचे छत गुंडाळून ठेवणे इष्ट असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. अशा इशाऱ्याच्या काळात कोणतीही मेख पुरेशी नसते. पक्क्या इमारतीत आश्रय घ्यावा लागतो. भरतीरेषेच्या आत, ओली वाळू टणक भासली तरी, तळ ठोकू नये.