दोन शुक्रवार : जालन्याच्या राष्ट्रीय दिनांचा इतिहास

राष्ट्रीय सण कोणत्या दिवशी साजरा करावा, हे ठरवण्याचा अधिकार राज्यसंस्थेकडे असतो, आणि म्हणूनच एखाद्या गावाची राज्यसंस्था बदलली की त्या गावाचे सणही बदलतात. महाराष्ट्रात या बदलाचा सर्वांत स्पष्ट पुरावा मराठवाड्यातील शहरांत सापडतो, कारण ही शहरे १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारताच्या बाहेर होती आणि शेजारच्या नाशिक, बुलढाणा किंवा सोलापूर जिल्ह्यांतून तेथे जाणारा प्रवासी त्या दिवशी, निजाम सरकारच्या दाव्यानुसार, परक्या देशात पाऊल ठेवत होता. त्यांपैकी जालना हे सरहद्दीलगतचे व्यापारी शहर असल्यामुळे तेथे या परकेपणाचा संबंध केवळ कायद्याशी नव्हता; रोजच्या देवघेवीतही तो जाणवत असे.

कुंडलिका नदीने जालन्याचे दोन भाग केले आहेत. एका तीरावर जुने जालना आहे आणि दुसऱ्या तीरावर कादराबाद व त्याभोवती वाढलेली बाजारपेठ, म्हणजे आजचे नवीन जालना आहे. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण या पेठेच्या सुबत्तेतून रूढ झाली. पहिला निजाम असफजाह याच्या काळात, १७२५ मध्ये, काबिलखानाने येथे गढी बांधली, आणि पुढे १८२७ मध्ये ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेची छावणी येथे वसली. या फौजेचा खर्च निजामाच्या तिजोरीतून होत असे, परंतु तिचे अधिकारी इंग्रज असत आणि तिच्यावर हुकमत ब्रिटिश रेसिडेंटची चाले. खर्चाची थकबाकी वाढत गेल्यावर डलहौसीने १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत तारण म्हणून इंग्रजांच्या ताब्यात घेतला, आणि १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये खंड ठरवून तो कायमच्या भाडेपट्ट्याने मिळवला. जालन्याच्या पूर्वेस, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा यांच्या अलीकडे जी सरहद्द होती, ती अशा रीतीने ज्या फौजेच्या खर्चापोटी आखली गेली तिचीच एक छावणी जालन्यात होती. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली, सरहद्द मात्र टिकली.

या सरहद्दीच्या अलीकडील मुलखाला मराठी माणसे ‘मोगलाई’ म्हणत. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांच्या संधिकालात मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरमापी लोहमार्गाची शाखा सुरू झाली आणि जालना मुंबईच्या बाजारपेठेशी जोडले गेले, परंतु मनमाड सोडून पूर्वेकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत राज्य बदलल्याचे अनेक मार्गांनी कळत असे. ‘करोडगिरी’ म्हणजे निजाम सरकारचे जकात खाते होते, आणि आयात-निर्यातीच्या मालावर ते साधारण शेकडा ५ या दराने कर घेत असे. चलन म्हणून ‘हाली सिक्का’ चाले. ब्रिटिश रुपयाला लोक ‘कलदार’ म्हणत, आणि साधारणपणे ७ हाली रुपयांना ६ कलदार रुपये मिळत; त्यामुळे सरहद्दीपलीकडे कापूस किंवा धान्य विकणाऱ्या व्यापाऱ्याला भावाबरोबरच बट्ट्याचाही, म्हणजे नाणेबदलातील तुटीचाही, हिशेब ठेवावा लागे. सरकारी कागदपत्रांवर आजूर, दय, बहमन अशा इराणी नावांच्या महिन्यांचे फसली साल असे, दफ्तराची भाषा १८८४ पासून फारसीच्या जागी उर्दू झाली होती, आणि कचेऱ्यांची आठवड्याची सुट्टी रविवारी नव्हे तर शुक्रवारी असे.

कालगणना, नाणे आणि सुट्टी स्वतंत्र असलेल्या राज्याचे उत्सवही स्वतंत्र असणे स्वाभाविक होते. निजाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आले, त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव १९३६ मध्ये व्हायचा होता, परंतु त्या वर्षी सम्राट पाचवे जॉर्ज यांचे निधन झाल्यामुळे तो फेब्रुवारी १९३७ मध्ये साजरा झाला. त्याच महिन्यात ‘टाइम’ या अमेरिकी साप्ताहिकाने निजामाचे चित्र मुखपृष्ठावर छापून त्यांचा जगातील सर्वांत श्रीमंत पुरुष म्हणून गौरव केला. असफजाही घराण्याचा पिवळा ध्वज हे या उत्सवांचे दृश्य चिन्ह होते. त्याच्या मध्यभागी ‘कुलचा’ म्हणजे गोल रोटीचे पांढरे वर्तुळ असे, कारण असफजाहाला एका अवलियाने कुलचे खाऊ घालून राज्यप्राप्तीचा आशीर्वाद दिला, अशी त्या घराण्याची आख्यायिका आहे.

दरबारी उत्सवाला मोकळीक असताना प्रजेच्या सभांना मात्र मोकळीक नव्हती. १९२९ मध्ये निघालेल्या ‘गश्ती निशान ५३’ या हुकमाने कोणतीही जाहीर सभा भरवण्यापूर्वी सरकारची परवानगी बंधनकारक केली. ‘गश्ती’ म्हणजे सर्व कचेऱ्यांना फिरवलेले परिपत्रक. राजकीय शब्द उच्चारणेही जोखमीचे असलेल्या या वातावरणात मराठी भाषकांनी १९३७ च्या जून महिन्यात, म्हणजे रौप्यमहोत्सवानंतर चारच महिन्यांनी, परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरवले आणि गोविंदराव नानल त्याचे अध्यक्ष झाले. तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेले परतूर आज जालना जिल्ह्यात आहे. परिषदेच्या मागण्या शिक्षण, भाषा आणि नागरी हक्क यांच्यापुरत्या मर्यादित होत्या, तरी प्रजेने स्वतःहून एकत्र येण्याची प्रथा मराठवाड्यात तिने घातली. पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर सरकारने बंदी घातली आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासह कार्यकर्त्यांनी सत्याग्रह करून तुरुंगवास पत्करला. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हक्क मागितला आणि ते आंदोलन हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पसरले. गीत आणि ध्वज ही चिन्हे येथे सणाची साधने होण्याआधी शिक्षेची कारणे झाली होती.

ब्रिटिश सत्ता जाणार हे निश्चित झाल्यावर निजामाने जून १९४७ मध्ये फर्मान काढून १५ ऑगस्टपासून हैदराबाद स्वतंत्र सार्वभौम राज्य होईल, अशी भूमिका घेतली. सोळा जिल्हे आणि सुमारे १ कोटी ६३ लाख लोकसंख्या असलेले हे संस्थान भारताच्या मधोमध वेगळा देश म्हणून राहू पाहत होते. बंदी उठून पुन्हा उघडपणे काम करू लागलेल्या स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट रोजी भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला आणि १५ ऑगस्टला संस्थानभर तिरंगा उभारण्याचे आवाहन केले. सरकारने त्या ध्वजाला मनाई केली व १५ ऑगस्टलाच स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक केली. योगायोग असा की तो दिवस शुक्रवार होता, त्यामुळे मोगलाईतील कचेऱ्या त्या दिवशी बंद असल्या तरी ती सुट्टी निजामी प्रथेची होती, स्वातंत्र्याची नव्हती. देऊळगावराजा आणि सिंदखेडराजा ही गावे वऱ्हाडात, म्हणजे भारत सरकारच्या प्रशासनाखाली असल्यामुळे तेथे तिरंगा उभारणे हा सरकारी समारंभ होता, आणि काही तासांच्या बैलगाडीच्या अंतरावर असलेल्या जालन्यात तेच कृत्य अपराध ठरत होते. त्यातही विरोधाभास असा की वऱ्हाडावरील निजामाचे नाममात्र स्वामित्व १९३६ च्या कराराने इंग्रजांनी मान्य केले होते आणि निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताबही मिळाला होता.

या दिवसापासून सुमारे तेरा महिने सरहद्दीला खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय सरहद्दीचे रूप आले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, म्हणजे वर्षभर पूर्वीचीच व्यवस्था चालू ठेवण्याचे ठरले, परंतु त्यानंतर लगेचच निजाम सरकारने भारतीय चलन व्यवहारात वापरण्यास मनाई केली आणि पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्जरोखे देऊ केले, तर भारताने मालाच्या वाहतुकीवर निर्बंध आणले. दोन्ही नाण्यांवर आणि दोन्ही मुलखांतील मालावर पोट असणाऱ्या जालन्यासारख्या पेठेला ही कोंडी जाचक होणे अपरिहार्य होते. कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकार या निमलष्करी संघटनेचा जाच वाढत गेला, तशी अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून आश्रयाला गेली. स्टेट काँग्रेसच्या, दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने लढ्याची सूत्रे संस्थानाबाहेरून हलवली. मनमाड येथे तिचे कार्यालय होते, आणि सोलापूर, उमरखेड अशा सरहद्दीवरील ठिकाणच्या शिबिरांतून कार्यकर्ते नाक्यांवर व ठाण्यांवर हल्ले करीत. करोडगिरीचे नाके हे या हल्ल्यांचे ठरलेले लक्ष्य असे, कारण वेगळ्या देशाचा दावा सामान्य माणसाला त्या नाक्यावरच प्रत्यक्ष भेटत असे. या लढ्यातील हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर यांचे नाव जालना शहरातील चौकाला दिलेले आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली. तिला सरकारी भाषेत ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले गेले, कारण भारताच्या दृष्टीने तो अंतर्गत सुव्यवस्थेचा प्रश्न होता, तर हैदराबाद सरकारने ऑगस्टमध्येच हा वाद संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे नेला होता. मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या नेतृत्वाखालील तुकड्यांनी १४ सप्टेंबरला औरंगाबाद घेतले. जालन्याच्या दिशेने निघालेल्या शीख पलटणीला, जोधपूर पायदळाच्या कंपनीला आणि रणगाड्यांना हैदराबादी सैन्याचा चिवट प्रतिकार सोसावा लागला, तरी १५ सप्टेंबरपर्यंत शहर ताब्यात आले आणि तेथे गोरखा कंपनी ठेवून उरलेले दळ लातूर व मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, यांकडे वळले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. तो दिवसही शुक्रवारच होता. दुसऱ्या दिवशी हैदराबादी सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे रीतसर शस्त्रे ठेवली. म्हणजे जालन्यातील सत्तांतर आणि जालना आज साजरा करीत असलेला दिवस यांत दोन दिवसांचे अंतर आहे.

या सत्तांतराला एक काळी बाजूही आहे. कारवाईच्या काळात व तिच्यानंतर अनेक जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ च्या अखेरीस दौरा करून संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार लोक मारले गेले असावेत, असा अंदाज नोंदवला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे त्यांनी सर्वाधिक पीडित मानले, परंतु जालना तेव्हा ज्यात मोडत होते तो औरंगाबाद जिल्हाही त्यांच्या अहवालातून सुटला नाही. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे अत्याचार आणि त्यानंतरचे हत्याकांड या दोन्ही घटना एकाच वर्षातल्या असूनही एकाच सभेत त्यांचा उल्लेख फार क्वचित होतो.

राज्यसंस्था बदलल्यावर सणांची नवी मांडणी झाली, पण ती एका रात्रीत झाली नाही. २६ जानेवारी १९५० रोजी पहिला प्रजासत्ताक दिन साजरा झाला तेव्हा हैदराबाद राज्याचे घटनात्मक प्रमुख, म्हणजे राजप्रमुख, निजाम उस्मान अली खानच होते. ज्या तिरंग्याला अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या सरकारने मनाई केली होती, त्याच्या छायेत आता त्यांचे पद होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा बनला. त्यामुळे महाराष्ट्र दिन हाच या जिल्ह्याचा स्थापनादिनही आहे. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे या तिन्ही दिवसांच्या जोडीला मराठवाड्यात १७ सप्टेंबरलाही, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, शासकीय ध्वजारोहण होते आणि जालन्यात टाऊन हॉल परिसरातील मुक्तिसंग्राम स्तंभापाशी हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. हीच तारीख कर्नाटकात ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ म्हणून पाळली जाते, तेलंगणात सरकार बदलले की तिचे नाव बदलते, आणि केंद्र सरकार ती ‘हैदराबाद मुक्ती दिन’ म्हणून साजरी करते.

एका तारखेची इतकी नावे असणे हे राष्ट्रीय दिन घटनेतून जितके जन्मतात तितकेच निर्णयातून घडतात, याचे लक्षण आहे. जालन्याचा स्वतःचा दिवस १५ सप्टेंबर असू शकला असता, परंतु शहराने संपूर्ण प्रदेशाचा दिवस आपला मानला, आणि ही निवड योग्यच होती, कारण हा लढा कोणत्याही एका गावाचा नव्हता. तथापि परतूरच्या परिषदेतील मागण्या, करोडगिरीच्या नाक्यांवरचे बळी आणि सुंदरलाल अहवालातील मृत, हे तिन्ही जोवर १७ सप्टेंबरच्या भाषणांत आणि शालेय पाठांत एकत्र येत नाहीत, तोवर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा इतिहास अर्धाच सांगितला जातो, असे म्हणणे भाग आहे.