पाळणाघराचं घड्याळ

गेल्या जूनमध्ये आमच्या आपट्यातली एक सून वही-पेन घेऊन माझ्याकडे आली. "बाई, पडवीत पाळणाघर काढतेय. दहा मुलं ठरलीत. दिवसाचं वेळापत्रक तेवढं लिहून द्या." माझी उभी हयात बालवाडीत गेलेली. तिला वाटलं, पाच मिनिटांचं काम. मलाही तसंच वाटलं.

आपटा हे पनवेल तालुक्यातलं, पाताळगंगेच्या काठचं गाव. सिनेमाच्या शौकिनांना आमचं रेल्वे स्टेशन ठाऊक असतं, कारण 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मधला धावत्या गाडीचा शेवटचा प्रसंग इथं चित्रित झाला. आम्हाला ते ठाऊक आहे कामाला जाण्यासाठी. कुणी पनवेलकडे जातं, कुणी रसायनीच्या बाजूच्या कारखान्यांत. आई निघाली की मूल आजीच्या मांडीवर. आणि आजीच नसली तर?

मी वहीत रेघा मारल्या. पहिल्या चौकटीत 'दार उघडणे' असं लिहिलं आणि विचारलं, "किती वाजता?" ती म्हणाली, "एकीची सातची पाळी आहे. कंपनीची बस साडेसहाला येते. म्हणजे सव्वासहा." माझा हात तिथंच थांबला. ही वेळ पाळणाघरवालीनं ठरवलेली नव्हती, मुलानं तर नव्हतीच नव्हती. ती बसनं ठरवली होती.

ही गोष्ट जुनी आहे. मुंबईत गिरणीचा भोंगा झाला की आई खोलीतून निघे. तान्हं मूल निजून राहावं म्हणून त्याला अफूची बारीकशी गोळी देत. तिचं नाव मोठं गोड होतं, बाळगोळी! १९२९ ते १९३१ या काळात काम केलेल्या मजूरविषयक शाही आयोगानं या अफूची नोंद घेतली आणि गिरण्यांत पाळणाघरं असावीत असं सुचवलं. पाळणाघर नव्हतं तेव्हाही त्या मुलांना वेळापत्रक होतंच म्हणायचं. त्यात एकच तास होता, झोपेचा.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्यानं पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली बंधनकारक केली. पुढे १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आणली. खोलीत उजेड आणि वारा हवा, प्रशिक्षित बाई हवी, कपडे बदलण्याची आणि धुण्याची सोय हवी, दूध मिळावं, आईला मधूनमधून येऊन पाजता यावं, असं सगळं त्या कलमात होतं. चांगलंच होतं. पण मुलानं दिवसभर करायचं काय, याचा त्यात शब्द नव्हता.

तो विचार आधीच कुणीतरी केला होता. रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया माँटेसरी यांचं पहिलं बालगृह उघडलं. आईबाप कामावर गेले की मुलं जिन्यांत हुंदडत, भिंती खराब करत, म्हणून इमारतवाल्यांना ती एका खोलीत गोळा करून हवी होती. भिंतींच्या काळजीतून बालशिक्षण जन्माला आलं म्हणा ना! माँटेसरीबाईंनी आपल्या ग्रंथात हिवाळ्याचं वेळापत्रक दिलेलं आहे. नऊला सुरुवात, चारला शेवट. पहिल्या तासात नमस्कार, स्वच्छतेची तपासणी, एकमेकांचे एप्रन बांधणं, खोली झटकणं आणि काल काय काय झालं ते सांगणं. मग तासभर बुद्धीचं काम, तेही मध्ये मध्ये विसावा घेत. त्यानंतर कवायत, जेवण, खेळ, मातीकाम आणि शेवटी गाणी, झाडं आणि प्राणी. पहिला तास पाहा. अक्षर नाही, आकडा नाही. मुलाला आधी आपल्या अंगाची आणि आपल्या जागेची ओळख. पुस्तकं चाळताना मी या पानावर नेहमी थांबते.

भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हे विचार आपल्या मातीत रुजवले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली दादरला ताराबाईंचं शिशुविहार उभं राहिलं. पण त्यांना खेड्यात जायचं होतं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. सोबत होत्या पस्तिशीतल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या आणि स्वतः शिकून शिक्षिका झालेल्या.

बोर्डीत बालवाडीची वेळ ठरली, घंटा झाली. गावातली मुलं आली. दलित आणि आदिवासी वस्तीतली येईनात. एखादा म्हणाला असता, यांना शिक्षणाची गोडीच नाही. या दोघींनी बालवाडीच उचलली आणि वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग खेळ. परदेशी साहित्याऐवजी शिंपले, बिया, पानं, खडे. अंगणात भरते ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना देशभर हेच नाव मिळालं.

पुढे त्या डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. भोवती वारल्यांचे पाडे. मुलं गुरं राखायला गेली की शाळा कुरणात जाई, तिला कुरणशाळाच म्हणत. आणि मुली? मुली शाळेत येत नव्हत्या, कारण कडेवर धाकटं भावंड असे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली, तीच विकासवाडी. बहिणीनं भावाला घेऊन यावं, त्याला पाळण्यात द्यावं आणि आपण वर्गात बसावं. आपण समजतो पाळणाघर नोकरदार आईसाठी असतं. कोसबाडला ते आठ-नऊ वर्षांच्या बहिणीसाठीही होतं.

हे मला फार उशिरा कळलं. १९८४ साली मी इथल्याच एका आदिवासी वाडीवर बालवाडी चालवत होते. माझ्या भिंतीवर सुंदर तक्ता होता, रंगीत खडूनं लिहिलेला. साडेदहा वाजता गोष्ट. साडेदहाला निम्मी मुलं डुलक्या घेत, कारण पहाटे आई मोळी घेऊन बाजाराला निघे तेव्हाच ती जागी झालेली असत. मी त्यांना उठवून गोष्ट सांगत असे. आणि एक मुलगी रोज दारात उभी राहायची, कडेवर वर्षभराचा भाऊ. आत येऊन बसायची, तो रडायचा, माझी गोष्ट मोडायची. एक दिवस मी तिला म्हटलं, "त्याला घरी ठेवून ये बघू." ती गेली आणि परत आली नाही. घरी ठेवणार कुणाकडे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

तिचं नाव मी हजेरीपटावर कधी घातलंच नव्हतं. चेहरा मात्र आठवतो.

तर सूनबाईचं वेळापत्रक. सव्वासहा ते आठ ही चौकट मी मोकळी ठेवली. अर्धवट झोपेत आलेलं मूल पुन्हा निजलं तर निजू द्यायचं. मग तोंड धुणं, केस, पेज. गोष्ट दुपारच्या झोपेनंतर, मुलं ताजी असताना. तिला गोष्टीआधी इंग्रजी अक्षरं हवी होती, कारण आया विचारतात. त्यावर आमचं थोडं वाजलं. शेवटी अक्षरं राहिली, दहा मिनिटं, चारच्या पुढे. सगळ्या वेळा मी पेन्सिलीनं लिहिल्या आणि तिला सांगितलं, महिनाभर मुलं बघ, मग पेन फिरव. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कंपनीच्या पाळणाघरात आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा लिहिली गेली. आमच्या पडवीला हा कायदा लागू नव्हता. तरी मी एक ओळ घातली, आई मध्येच आली तर दार उघडायचं, 'आत्ता नको, झोपलाय' म्हणायचं नाही.

एक ओळ मात्र मी पेनानंच लिहिली. पावसाळा संपला की वीटभट्टीवर कुटुंबं येतात. त्यांच्यातली एखादी मुलगी भावाला कडेवर घेऊन दारात आली, तर शाळेची घंटा होण्याआधी त्याला आत घ्यायचं.

सून म्हणाली, "आणि फी, बाई?"

मी म्हटलं, "त्या एकाची माझ्याकडून घे."