राईची उशी आणि रायफल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत गेली. पेनसिल्व्हेनियातल्या त्या घरात पोहोचल्यावर तिने सगळ्यात आधी काय केले असेल, तर बाळासाठी राईची उशी शिवली. मऊ झालेल्या जुन्या लुगड्याचा तुकडा तिने इथूनच नेला होता, मोहरी तिथल्या भारतीय दुकानात मिळाली. बाळाचे डोके गोल बसावे म्हणून आपल्याकडे ही उशी घराघरांत असते. पुढे बाळ मोठे झाले, उशी कपाटात गेली. आणि एके दिवशी भाच्याचा फोन आला, "मामा, आईची उशी पुन्हा कामाला लागली. मी ती रायफलच्या दस्त्याखाली ठेवतो!"

माझा भाचा संगणकाच्या क्षेत्रातला. शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी त्याला नेमबाजीचा नाद लावला. ऑलिंपिकमध्ये आपण पाहतो ती ही नेमबाजी नव्हे. हिला 'बेंचरेस्ट' म्हणतात. नेमबाज दणकट टेबलापाशी स्टुलावर बसतो. रायफलचा पुढचा भाग एका आधारावर आणि मागचा दस्ता वाळूच्या पिशवीवर टेकवलेला असतो. शंभर किंवा दोनशे यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या मारायच्या आणि त्यांतल्या सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधले अंतर मोजायचे. ते जितके कमी तितके चांगले. असे पाच कागद झाले की सरासरी काढायची. या खेळात ताकदीला फारसे काम नाही, म्हणून साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे त्यात पुष्कळ दिसतात.

भाच्याची अडचण अशी होती की त्याच्या पाच गोळ्या एकीवर एक चढत जात. पहिली खाली, दुसरी तिच्या वर, तिसरी आणखी वर. जणू शिडीच. "नळी खराब झालेली दिसते," तो म्हणाला, "नवी बसवायची तर मोठा खर्च आहे. एवढे पैसे घालण्यापेक्षा नादच सोडतो." मी तीस वर्षे तंत्रनिकेतनात मापनशास्त्र शिकवले. बंदूक मात्र आयुष्यात कधी चालवली नाही. तरी मी विचारले, "उशीवर दस्ता ठेवून किती दिवस झाले?" त्या महिन्यापासूनच, तो म्हणाला. मी म्हटले, "मग नळीला हात लावू नकोस. उशी बदल."

हे सांगायला नेमबाजी यावी लागत नाही, त्रैराशिक पुरते. रायफलच्या पुढच्या आणि मागच्या आधारांत साधारण साठ सेंटिमीटर अंतर धरा. शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. म्हणजे मागचा आधार जेवढा हलेल, त्याच्या दीडशे पट फरक निशाण्यावर दिसणार. माणसाचा केस ढोबळमानाने मिलिमीटरच्या चौदाव्या भागाएवढा जाड असतो. तेवढा दस्ता खाली गेला, की गोळी एक सेंटिमीटर वर लागते. मोहरी गोल आणि गुळगुळीत. प्रत्येक धक्क्याने दाणे बाजूला सरकत होते, दस्ता केसाकेसाने खाली रुतत होता, नळीचे तोंड तेवढेच वर उचलले जात होते. शिडी तयार होत होती ती अशी. बाळाच्या डोक्याला जे हवे तेच रायफलला नको होते.

त्यावर भाच्याने साहजिकच विचारले, "मग मामा, घेऊ तरी कुठली? दुकानात शंभर प्रकार आहेत." कातड्याची, नायलॉनची, उंच कानांची, बुटक्या कानांची, हलकी, जड. या प्रश्नाचे उत्तर द्यायचे म्हणून मी वाचायला बसलो, आणि पिशवीमागे दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे हे माझ्या ध्यानात आले.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रायफल टेकवून नेम मारण्याच्या स्पर्धा लोकप्रिय होत्या. तोंडाकडून ठासायच्या त्या रायफली वीस-तीस पौंडांच्या आणि त्याहूनही जड असत. ठासताना गोळी किंचित जरी तिरकी गेली तरी नेम बिघडे. यावर १८४० साली एका माणसाने पेटंट घेतले. नळीच्या तोंडावर बसवायचा सुटा तुकडा. त्यातून गोळी सरळ आत जाई आणि नळीचे मूळ तोंड झिजत नसे. त्या माणसाचे नाव अल्व्हन क्लार्क. खगोलप्रेमींना हे नाव निराळ्या कारणाने ठाऊक असते. हाच क्लार्क पुढे दुर्बिणींची भिंगे घासू लागला आणि त्या शतकातल्या सर्वश्रेष्ठ भिंगकारांत गणला गेला. त्यांच्या साडेअठरा इंची भिंगाची परीक्षा घेताना १८६२ साली त्याच्या मुलाला व्याधाच्या ताऱ्याचा अंधुक जोडीदार प्रथम दिसला. नेमबाजीतली बारकाई आणि भिंगातली बारकाई एकाच घरात नांदत होती, याचे मला तरी आश्चर्य वाटले नाही.

या टेकवून मारण्याच्या कसबाला १८६१ मध्ये रणांगणावर मागणी आली. यादवी युद्धात हायरम बर्डन याने उत्तरेच्या सैन्यासाठी नेमबाजांच्या पलटणी उभारल्या. भरतीची कसोटी अशी, की टेकवून दोनशे यार्डांवर किंवा उभ्याने शंभर यार्डांवर दहा गोळ्या मारायच्या, आणि मध्यापासूनच्या त्यांच्या अंतरांची बेरीज पन्नास इंचांच्या आत बसली पाहिजे. काही जण घरच्या अवजड रायफली घेऊन आले. पण तीस पौंडांचे धूड खांद्यावर घेऊन मैलोन्मैल चालणे काही खरे नव्हते. टेबलावरचे गुण वाटचालीत अवगुण ठरले.

पुढे ठासणीच्या बंदुका गेल्या, नळ्या सुधारल्या. हॅरी पोप या कारागिराच्या हातच्या नळ्यांची तर ख्यातीच होती. त्याच्या नळीतून सी. डब्ल्यू. रोलंड याने १९०१ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी दोनशे यार्डांवर दहा गोळ्या पाऊण इंचात बसवल्या. पण मग कोड्यासारखा प्रश्न उभा राहिला. तीच नळी, तीच दारू, तशीच गोळी, तरी एक दिवस नेम जमतो आणि दुसऱ्या दिवशी जमत नाही. दोष कुणाचा? माणसाचा, नळीचा की गोळीचा?

हा प्रश्न मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रँकलिन मान या डॉक्टरने मनावर घेतला. आधी माणूसच बाजूला काढायचा असे त्याने ठरवले. काँक्रीटचा भक्कम चबुतरा बांधला, त्यावर इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची लोखंडी खोबण बसवली आणि त्यात नळी ठेवून तो गोळ्या झाडू लागला. आमच्या कार्यशाळेतला व्ही-ब्लॉक ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातले मर्म लगेच कळेल. गोल दांडा सपाट फळीवर कुठेही घरंगळतो, पण व्हीमध्ये ठेवला की एकाच जागी बसतो. उचलून पुन्हा ठेवला तरी त्याच जागी. आणि गंमत अशी, की इतके करूनही मानच्या गोळ्या पांगल्याच! आता नळी हलली असे म्हणायची सोय उरली नव्हती. दोष गोळीत होता. तिचा तोल किंचित एका बाजूला असे, नाहीतर बुडाची कड दुखावलेली असे. अनेक वर्षांच्या या प्रयोगांचे पुस्तक १९०९ साली निघाले. त्या जातीच्या नळ्या दारूगोळ्याच्या चाचणीत वापरल्या जाऊ लागल्या आणि त्यांना 'मान बॅरल' हेच नाव पडले.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेतल्या या हौशी लोकांनी संघटना बांधल्या आणि नियम केले. त्या वेळी त्यांच्यापुढे खरा पेच होता. मानचा चबुतरा तर ठाऊक झालेला. सगळ्यांनी तसेच करायचे ठरवले, तर स्पर्धा यंत्रांची होणार. माणूस फक्त चाप ओढणार. त्यांनी दोन वाटा ठेवल्या. 'अनलिमिटेड' गटात रुळांवर मागे-पुढे सरकणारी, पुन्हा जागच्या जागी येणारी यंत्रवत रायफलही चालते. पण साडेदहा पौंड आणि साडेतेरा पौंड वजनमर्यादेच्या गटांत तसली युक्ती चालत नाही. तिथे रायफल आधाराला बांधलेली नसावी, आणि दस्त्याखालच्या पिशवीत वाळूच असावी, तीही इतकी सैल की बोटाने दाबली तर दबली पाहिजे. दगडासारखी घट्ट पिशवी नियमात बसत नाही.

मला हा नियम फार शहाणपणाचा वाटला. दबणारी पिशवी म्हणजे माणसासाठी मुद्दाम राखून ठेवलेली जागा. रायफल प्रत्येक वेळी हाताने जागेवर आणायची, वाऱ्याची निशाणे पाहायची, आणि दस्ता त्या दोन कानांत तसाच बसला की नाही हे स्वतः ओळखायचे. यात माणूस चुकू शकतो, म्हणूनच तो खेळ राहिला. आणि म्हणून काही बारकाई उणावली नाही. वाळूच्याच पिशवीवरून १९७३ साली मॅक मॅकमिलन याने शंभर यार्डांवर पाच गोळ्यांचा समूह मारला, त्याचे माप ०.००९ इंच, म्हणजे मिलिमीटरच्या पाव भागाहून कमी. तो विक्रम मोडायला चाळीस वर्षे लागली. २०१३ साली माइक स्टिनेट याने ०.००७७ इंचांची नोंद केली. पाच गोळ्या अक्षरशः एकाच भोकातून गेल्या.

इतके वाचून झाल्यावर मी भाच्याला फोन केला. म्हटले, "आधी तू ठरव, तुला काय हवे आहे. नळी चांगली की वाईट हे तपासायचे असेल, तर मानच्या वाटेने जा, जितका घट्ट आधार मिळेल तितका बरा. खेळायचे असेल तर नियमातली वाळूची पिशवी घे." मग बाकीचे सांगितले. पिशवीचे बूड रुंद आणि सपाट हवे, टेबलावर डुगडुगता कामा नये. वाळू कोरडी हवी, आणि पिशवी जड हवी. नेहमीच्या वाळूपेक्षा झिरकॉनची वाळू जवळजवळ पावणेदोन पट जड भरते. कानांची उंची आणि मधले अंतर आपल्या दस्त्याच्या आकाराशी जुळले पाहिजे. दुसऱ्याची पिशवी चांगली म्हणून आपल्याला चांगली असे होत नाही. कानांवरचे कापड गुळगुळीत हवे. रायफल घट्ट धरून ठेवायची नसते. धक्क्याने तिला मागे सरकू द्यायचे असते, मात्र दर वेळी त्याच वाटेने.

परीक्षा सोपी आहे, पैसेही लागत नाहीत. रिकामी रायफल पिशव्यांवर ठेवायची. दुर्बिणीतली फुली निशाण्यावर आणायची. मग रायफल हलकेच इंच-दोन इंच मागे ओढायची आणि पुन्हा पुढे न्यायची. फुली सरळ उभ्या रेषेत खाली-वर गेली आणि जागेवर परतली, तर पिशवी आपली. ती तिरकी पळाली, तर पिशवी तरी फिरवून लावा, नाहीतर दुसरी पाहा.

भाच्याने क्लबातल्या मंडळींच्या तीन-चार पिशव्यांवर हा प्रयोग केला. सगळ्यात महागडी पिशवी त्याच्या दस्त्याला जमली नाही, फुली तिरकी जाई. शेजारच्या त्या निवृत्त गृहस्थांची जुनी कातडी पिशवी जमली. त्यांनी ती त्याला देऊन टाकली. महिन्याभराने त्याने मला पत्राने एक कागद पाठवला. त्यावर पाच गोळ्या होत्या. शिडी नव्हती, एक वेडेवाकडे भोक होते, पावट्याच्या दाण्याएवढे. नळी जुनीच होती.

मोहरीची उशी धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा कपाटात ठेवली आहे. दुसऱ्या नातवंडाच्या वेळी लागेल, असे माझ्या बहिणीचे म्हणणे आहे.