डिंकाचा धर्म

युनानी म्हणजे परकं, मुसलमानांचं; आयुर्वेद म्हणजे आपला, हिंदूंचा, अशी वाटणी आजकाल सर्रास ऐकू येते. आपल्यातलेही काहीजण ती अभिमानाने मान्य करतात. पण काष्ठौषधींच्या दुकानातल्या डिंकाच्या बरण्या नीट पाहिल्या तरी ही वाटणी टिकत नाही.

हकीम ज्याला 'समग-ए-अरबी' म्हणतात, तो डिंक मुख्यतः सुदान आणि आसपासच्या कोरड्या प्रदेशातल्या, आपल्या बाभळीच्या जातकुळीतल्या झाडांचा. अरब व्यापाऱ्यांनी तो जगभर नेला, म्हणून 'अरबी'. प्राचीन इजिप्तमध्येही तो वापरात होता. इजिप्शियन शब्दावरूनच ग्रीक 'कोम्मी' आणि पुढे इंग्रजी 'गम' आला. डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याचा औषधींवरचा ग्रंथ 9व्या शतकात बगदादमध्ये अरबीत आला. भाषांतर इस्तिफानने केले, ते हुनैन इब्न इसहाकने तपासले. दोघेही ख्रिस्ती आणि राज्य अब्बासी खलिफांचे!

कतीऱ्याचेही तसेच. मूळचा कतीरा इराणच्या डोंगरातल्या काटेरी झुडपाचा. आपल्या बाजारात त्याच नावाने कांडोळाचा डिंक विकला जातो. रमजानच्या सरबतात भिजतो तो बहुधा हाच. बाळंतिणीच्या लाडवातला धावड्याचा डिंक तर इंग्रजांच्या व्यापारात 'गम घट्टी' झाला. हे नाव आपल्या 'घाट' शब्दावरून पडले.

औषधात डिंकाचे काम काय? गोळी बांधणे, तेल आणि पाणी एकजीव ठेवणे, सुकलेल्या घशाला ओलावा देणे. आजच्या कारखान्यातल्या गोळ्या-सिरपांतही तो हीच कामे करतो. युनानीत त्याचे आणखी एक काम आहे. जहाल जुलाबाच्या औषधाने आतड्यांना त्रास होऊ नये म्हणून त्यासोबत कतीरा देतात. अशा द्रव्याला 'मुस्लिह' म्हणतात. भाषेचा शिक्षक म्हणून मला हा शब्द फार आवडतो. इस्लाह म्हणजे सुधारणा, सुलह म्हणजे समेट आणि मुस्लिह, तिन्ही एकाच अरबी धातूतून निघाले आहेत.

हकीम अजमल खान यांना हे उमगले होते. दिल्लीतल्या त्यांच्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन 1921 साली गांधीजींनी केले. तिथे युनानी आणि आयुर्वेद एकाच छताखाली शिकवले जात. शंभर वर्षांनंतर आपण बरण्यांवर धर्माच्या चिठ्ठ्या डकवत बसलो आहोत. त्या डकवायलाही डिंकच लागतो, एवढे तरी लक्षात ठेवावे.