बालाघाटचा उतार आणि ट्रॅक्टर

बालाघाटची रांग बीडकडून लातूर व नांदेडकडे येते, तेव्हां तिला पर्वत म्हणणें धाडसाचें वाटतें. मांजरा आणि मन्याड यांच्या खोऱ्यांत काळी जमीन व कडेला मुरमाड, बरड माळ, असा हा मुलूख. उत्तरेस किनवट-माहूरकडे चढ अधिक खडा होतो. या उतारांवर पिढ्यान् पिढ्या बैलांचें औत फिरलें. पाय घसरूं लागतांच बैल थांबतो, आणि औतकऱ्याची चूक पुष्कळदां जनावराच्या शहाणपणानें निभावून जाते. यंत्रास ही उपजत बुद्धि नाहीं.

याचा कटु अनुभव प्रथम पाश्चात्त्य देशांस आला. १९१७ सालीं हेन्री फोर्डचा ‘फोर्डसन’ निघाला. स्वस्त म्हणून तो दूरवर पसरला, आणि मागें उलटून चालकास चिरडण्याबद्दल कुप्रसिद्धहि झाला. चाकें रुतलीं किंवा नांगर अडकला, म्हणजे इंजिनाचा जोर चाकें फिरविण्याऐवजीं ट्रॅक्टरचें तोंडच वर उचलतो. चढावर भार मुळांतच मागें गेलेला. सावरण्यास क्षणहि मिळत नाहीं. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननें तीन दांड्यांची जोडणी काढून हें तोंड उचलणें पुष्कळसें आवरलें. बाजूस कलंडण्याचें भय मात्र राहिलेंच. १९५९ सालीं स्वीडननें नव्या ट्रॅक्टरांवर चालकास वांचविणारा पोलादी सांगाडा सक्तीचा केला, आणि तेथील मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें घटलें. त्याच वर्षीं फरीदाबादेस आयशरचा पहिला देशी ट्रॅक्टर तयार झाला. सांगाडा मात्र इकडे सर्रास रुजला नाहीं.

मराठवाड्यांतील पेंच याहून निराळा आहे. येथें पाऊस बेभरंवशाचा. म्हणून पाणी व माती अडविण्यासाठीं नांगरट उतारास आडवी करावी, ही शेतीशास्त्राची शिकवण योग्यच होय. परंतु आडवें चालतांना ट्रॅक्टर एका अंगास कलतो, आणि खालचें चाक तासांत व वरचें दगडावर गेलें कीं कलंडतो. कपाशीच्या ओळींतून जाणारा छोटा ट्रॅक्टर तर अरुंद. तो लहान म्हणून निर्धोक, ही समजूत घातकी आहे. तेव्हां आडवी नांगरट सौम्य उतारापुरतीच ठेवावी व खडा माळ गवतास किंवा झाडांस सोडावा, हेंच शहाणपणाचें.

चढउतार टळतच नसेल, तर चाकांमधील अंतर वाढवून घ्यावें. चढ उलट्या गियरनें, उतार सरळ तोंडानें, आणि दोन्ही वेळां गति मंदच. उतरतांना क्लच दाबणें म्हणजे वाहन मोकाट सोडणेंच. मागें उसाची ट्रॉली असली तर ती पुढें ढकलीत नेते. दोन्ही ब्रेक एकत्र अडकविलेले असावेत. ओढा जितका खोल, निदान तितकें अंतर त्याच्या कांठापासून राखावें. पावसानें भिजलेली कड वजनानें ढासळते. आणि चालकाशेजारीं मडगार्डवर एखाद्या पोरास बसवून शेताकडे निघण्याची जी हौस गांवोगांव दिसते, तिला उतारावरच काय, सपाटीवरहि जागा नाहीं.